सातेरी मधमाश्यांच्या पेटीत मेणकिडा, पेटी वाचेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जावळी तालुक्यात घरामागे सातेरीच्या दोन पेट्या आहेत. मे महिन्यात जांभळाचा मध काढला आणि हावरटपणा केला, मधकोठीत (मध साठतो त्या वरच्या कप्प्यात) माश्यांसाठी जवळजवळ काहीच ठेवलं नाही. आता पाऊस लागल्यापासून बाहेर फुलोरा नाही. एक पेटी ठीक आहे. दुसरीत माश्या तीन चौकटींपुरत्याच उरल्यात, कडेच्या रिकाम्या पोळ्यांत जाळी दिसते आणि तळपाटावर (पेटीच्या तळाच्या फळीवर) भुसा पडतोय. मेणकिडाच असणार, म्हणजे पोळ्याचं मेण खाणारी अळी. राणी दिसली, थोडी अंडीही आहेत.

जाळी लागलेली पोळी काढून टाकली, तळपाट साफ केला. एक दिवसाआड संध्याकाळी साखरेचा पाक (साखर-पाणी समसमान) आतच ठेवतोय, बाहेर ठेवला की मुंग्या आणि दुसऱ्या माश्यांची लुटालूट.

प्रश्न असा, की ही वसाहत अशीच जगवू की मध्ये वर्तमानपत्र घालून दुसऱ्या पेटीत मिसळू? मिसळायची तर कुठली राणी काढायची? मेणकिड्यासाठी गंधक वगैरे काही वापरायची इच्छा नाही. सातेरी जरा बिनसलं की पेटी सोडून जाते, म्हणून रोज उघडायलाही धजत नाही. पावसाळी भागात पेट्या सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगा, फोटो टाकतो.