गावातील जुन्या इस्राएली दफनभूमीची देखभाल : काय करावे आणि कशाला हात लावू नये?

अष्टागरकर :

नमस्कार. मी अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात राहतो. अद्याप कोणाचीही परवानगी घेतलेली नसल्यामुळे गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. गावठाणाच्या उत्तरेला, नारळी-पोफळीच्या वाड्या जेथे संपतात तेथे, बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची सुमारे आठ गुंठ्यांची जुनी दफनभूमी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या 'शनवार तेल्यां'ची काही घरे माझ्या आजोबांच्या काळापर्यंत गावात होती. इस्राएल राष्ट्राची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांपैकी काही मुंबई-ठाण्याला, तर बहुतेक तिकडे निघून गेली. घरे विकली गेली, विहिरींचे हक्क वाटले गेले, दफनभूमी तेवढी जागच्या जागी राहिली.

आज तेथे रानमोडी आणि घाणेरीचे रान माजले आहे. काळ्या दगडाच्या उभ्या शिळा आणि जांभ्याचे चौथरे करवंदीच्या जाळीत अर्धे बुडाले आहेत. एका शिळेवर वर तीन ओळी हिब्रू आणि खाली देवनागरीत 'सुभेदार' एवढे स्पष्ट वाचता येते. पुढचे नाव दगडफुलाने झाकले गेले आहे. शेजारच्या चौथऱ्याचा एक कोपरा उंबराच्या मुळाने वीतभर वर उचलला आहे.

गावातील काही निवृत्त शिक्षक, दोन-तीन बागायतदार आणि महाविद्यालयात जाणारी मुले मिळून ही जागा नीट राखावी असा विचार चालला आहे. मतभेद मात्र आतापासूनच सुरू झाले आहेत. काहींना सर्व कबरी पांढऱ्या रंगवून अक्षरांत काळा ऑइलपेंट भरायचा आहे, म्हणजे परदेशातून येणाऱ्या कुटुंबांना जागा शोभिवंत दिसेल. चारी बाजूंनी सिमेंटची भिंत आणि आत पेव्हर ब्लॉक घालण्यासाठी निधी मिळू शकेल, असे ग्रामपंचायतीच्या एका सदस्याने सुचवले आहे. मला स्वतःला यातले काहीच पटत नाही, पण का पटत नाही हे सभेत नीट मांडता आले नाही. परवानगी कोणाची घ्यावी, दगड कशाने स्वच्छ करावेत आणि समाजाच्या रीतीप्रमाणे कोणती पथ्ये पाळावीत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चौल ते अश्दोद :

अष्टागरकर, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. माझे आईवडील रेवदंड्याचे. मी इस्राएलमध्ये अश्दोदला राहते आणि आमच्या घरात थोरली माणसे अजूनही मराठीतच भांडतात.

गावात समाजाचे घर उरले नाही म्हणून दफनभूमी बेवारस होत नाही, हे सर्वप्रथम आपल्या मंडळींना सांगावे. अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन आबोथ, रेवदंड्याचे बेथ एल आणि पनवेलचे बेथ एल ही सिनेगॉग (प्रार्थनामंदिरे) आपल्याला जवळची आहेत. त्यांपैकी जे सर्वांत जवळ असेल तेथील मुकादमांना (सिनेगॉगच्या प्रमुखांना) किंवा विश्वस्तांना प्रत्यक्ष भेटावे आणि लेखी पत्र द्यावे. आपल्या गावची जागा कोणाच्या देखरेखीखाली येते हे तेच सांगू शकतील. वंशजांना शोधायचे असेल तर आपल्या गावाच्या नावाला 'कर' लावून विचारपूस करावी. किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, तसेच आपल्याही गावचे कोणीतरी ठाण्यात किंवा इकडे इस्राएलमध्ये डिमोनात, रामलेत नक्की असतील. नवगावला, जेथे जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची, म्हणजे आमच्या पूर्वजांची, कथा सांगितली जाते, तेथे स्मारक असल्यामुळे इकडून जाणारी मंडळी दर्शनाला थांबतात. आडबाजूच्या गावांकडे मात्र गाडी वळत नाही, आणि वळली तरी फाटक कोठे आहे हे सांगणारा कोणी भेटत नाही.

पथ्यांविषयी सांगायचे तर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारची रात्र पडेपर्यंत आणि आमच्या सणांच्या दिवशी तेथे काम करू नये. आपली मंडळी रविवारी मोकळी असतील, त्यामुळे अडचण येणार नाही. पुरुषांनी डोके झाकावे, आत खाणे-पिणे व तंबाखू टाळावी, कबरीवर पाय देऊन किंवा टेकून बसू नये, आणि बाहेर पडताना हात धुवावेत. फाटकाशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला तर ते आपोआप होईल. कबरींवर लहान खडे ठेवलेले दिसले तर ते कचरा समजून झाडून टाकू नयेत, कारण भेटीला आलेल्याने ते ठेवलेले असतात. धार्मिक ग्रंथांची जीर्ण पाने आम्ही जाळत नाही, ती दफनभूमीतच पुरतो; त्यामुळे एखाद्या कोपऱ्यात माती उकरताना जुना कागद लागला तर ती जागा तशीच बुजवावी. आणखी एक विनंती अशी की, कामाच्या शुभारंभाला मंडप, हारतुरे आणि भाषणे नसावीत. कोणी शेजारधर्म म्हणून दोन फुले ठेवली तर कोणाला वाईट वाटणार नाही, परंतु दफनभूमी ही समारंभाची जागा नव्हे.

नववर्षाआधीच्या एलूल महिन्यात कबरींना भेट देण्याची रीत आहे. हा महिना साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो, म्हणजे आपल्याकडे गवत कमरेला लागत असते नेमके तेव्हा. वर्षातून एकच वेळ साफसफाई जमणार असेल तर ती कधी करावी, याचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे.

पांढऱ्या रंगाला माझा स्पष्ट विरोध आहे. येणाऱ्याला आपल्या पणजोबांचा दगड ओळखायचा असतो, आणि सगळे दगड चुन्यासारखे पांढरे करून ठेवल्यावर तो कसा ओळखावा?

पाषाणभेद :

मी जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करतो. माझा सल्ला काहींना निरुत्साही वाटेल, पण पहिल्या हंगामात दगडांना अजिबात हात लावू नये. फक्त झाडोरा काढावा आणि नोंद करावी.

झाडोऱ्याचे काम दसऱ्यानंतर, जमीन वाळल्यावर सुरू करावे. जांभ्याच्या फटी हे फुरशांचे आवडते घर आहे, म्हणून प्रत्येकाच्या पायात गमबूट आणि हातात जाड मोजे असावेत, आधी लांब काठीने जाळी हलवावी आणि मगच कोयता चालवावा. मुलांना पुढे पाठवू नये. ग्रासकटर मोकळ्या जागेत वापरण्यास हरकत नाही, परंतु शिळेपासून हातभर अंतरावर तो थांबवून विळा-खुरपे घ्यावे, कारण फिरती दोरी शिळेच्या पायथ्याशी जी रेघ पाडते ती कायमची असते. कापलेले रान तेथेच पेटवून देण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. आचेने दगडाचे पापुद्रे सुटतात, म्हणून एक काडीही आत जाळू नये. चौथऱ्यात शिरलेले उंबराचे किंवा पिंपळाचे मूळ उपटण्याचा मोह आवरावा. मूळ ओढले की त्याने धरून ठेवलेला चिराही सोबत येतो. खोड जमिनीलगत कापावे, फुटवे येतील ते पुनःपुन्हा कापत राहावे, आणि मूळ सुकून सैल झाल्यावरच चिरे बसवण्याचा विचार करावा.

पुढच्या हंगामात स्वच्छता करायची झाल्यास साधे पाणी, नायलॉनचा किंवा काथ्याचा मऊ ब्रश आणि बांबूची चोय एवढेच साहित्य पुरे आहे. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीचिंग पावडर आणि गाड्या धुण्याचा प्रेशर पंप यांना फाटकाच्या आत प्रवेश नसावा. जांभा सच्छिद्र आणि मऊ असतो, पाण्याच्या जोराने त्याचे कण निघून येतात. दगड आधी भिजवावा, खालून वर घासावा, म्हणजे घाणीचे ओघळ कोरड्या पृष्ठभागावर मुरत नाहीत. दगडफूल घट्ट बसले असेल तर ते खरवडू नये. त्याच्याबरोबर अक्षराची कडाही जाते. 'सुभेदार' या शब्दापुढचे नाव आज वाचता आले नाही तरी चालेल, पण ते नाहीसे करणारे आपण नसावे.

सिमेंटविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान त्याच्यामुळे झालेले मी पाहिले आहे. किनाऱ्यालगतच्या जांभ्यात मीठ असतेच. सांधे चुन्याचे असले तर ओल चुन्यातून बाहेर पडते आणि झीज झालीच तर चुन्याची होते, जो पुन्हा भरता येतो. सांधे सिमेंटचे केले की ओलीला वाट उरते ती दगडातून. मीठ दगडाच्या पृष्ठभागाखाली साठते, त्याचे स्फटिक फुगतात आणि काही पावसाळ्यांत चिऱ्याचे तोंड भुगा होऊन गळते. ऑइलपेंटही ओल अशीच अडवतो. त्यामुळे दुरुस्ती करायची ती चुन्यात, जाणकार गवंड्याकडून आणि विश्वस्तांच्या संमतीनेच.

अक्षरांत रंग भरण्याला आणखी एक आक्षेप आहे. हिब्रूमधील दालेत आणि रेश ही अक्षरे दिसायला इतकी जवळची आहेत की झिजलेल्या दगडावर फरक उरतो तो एका कोपऱ्याचा. या अक्षरांनीच वर्ष लिहितात. दालेतचे मूल्य ४ आणि रेशचे २००. हिब्रू न येणाऱ्या रंगाऱ्याने ब्रश थोडा गोल फिरवला की मृत्यूचे साल दोन शतके सरकते.

नोंद करण्यासाठी कोवळ्या उन्हाची वेळ निवडावी. प्रकाश शिळेवर तिरपा पडला की समोरून न दिसणारी अक्षरे उठून दिसतात. ऊन सोयीचे नसेल तर मोठ्या आरशाने ते बाजूने पाडता येते. पीठ, खडू किंवा हळद फासून अक्षरे वाचू नयेत. टेपने मोजून कच्चा नकाशा काढावा, प्रत्येक कबरीला नकाशावर क्रमांक द्यावा (दगडावर नव्हे) आणि मजकूर जसा आहे तसा, अशुद्धांसह उतरवून घ्यावा. हिब्रू वर्षात हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. उरलेल्या संख्येत १२४० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ६६० असेल तर १९००. नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होत असल्याने त्या वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतील मृत्यू असेल तर एक वजा करावा. एखाद्या शिळेवर शक आढळला तर ७८ मिळवावेत.

नावांची यादी करताना घाई करू नये. मुंबईत १७९६ मध्ये समाजाचे पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युअल इझेकिएल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. एकाच माणसाचे एक नाव बायबलचे, दुसरे कोकणचे. यादीत अशी एका माणसाची दोन माणसे होण्यास वेळ लागत नाही.

मोजणीदार :

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. वरील प्रतिसादांतील सर्व काही योग्य आहे, परंतु आपल्याकडे अशी कामे हद्दीवरून अडतात, म्हणून कागद आधी पाहावा. त्या गट नंबरचा सातबारा काढावा, भोगवटदाराचे नाव आणि 'इतर हक्क' हा रकाना दोन्ही वाचावेत, आणि जुने फेरफार तलाठी कार्यालयातून मागवावेत. जागा विश्वस्त संस्थेची असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातील संस्थेच्या नोंदीत, परिशिष्ट एकमध्ये, ती मिळकत दाखवलेली असावयास हवी. सरकारी असेल तर तहसीलदारांना पत्र द्यावे लागेल. खासगी नावावर असेल तर मात्र आधी वकिलाला दाखवावे आणि तोपर्यंत एक दगडही हलवू नये. हद्द कायम करण्यासाठी मोजणीचा अर्ज धारकानेच करायचा असतो. आपण स्वयंसेवक म्हणून तो करू शकत नाही, फी भरण्यास मदत करू शकता.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ अन्वये भावना दुखावण्याच्या हेतूने दफनभूमीत अतिक्रमण करणे हा गुन्हा आहे. आपला हेतू तसा नाही हे उघड आहे, तरीही कागदोपत्री संमती हातात असली म्हणजे उद्या गावातल्या गावात कोणी वाकडे बोलले तर उत्तर देता येते. मोठी झाडे तोडण्यापूर्वी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते का, हे वन खात्याकडे विचारावे.

सिमेंटच्या भिंतीविषयी माझे मत असे की, पायासाठी चर खणावा लागतो, आणि शिळा नसलेल्या जुन्या कबरी कोठवर पसरल्या आहेत हे कोणालाच माहीत नसते. खणताना हाडे लागली तर काम तेथेच थांबेल आणि गावाची शोभा होईल ती वेगळीच. त्याऐवजी जमिनीवरच रचलेला जांभ्याचा गडगा आणि त्याला लागून शेराचे कुंपण करावे. आतल्या पेव्हर ब्लॉकविषयी बोलण्यासारखे काही नाही. तो विचार सोडून द्यावा.

अष्टागरकर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उद्याच सातबारा काढतो आणि अलिबागला जाऊन विश्वस्तांना भेटतो. संमती मिळाली तर या हिवाळ्यात फक्त रान कापणे आणि छायाचित्रे एवढेच करायचे, असा प्रस्ताव सभेत ठेवीन. रंगवाल्यांना दालेत आणि रेश यांचे उदाहरण पटेल असे वाटते.

एक अडचण मात्र राहते. दफनभूमीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यातून वाड्यांकडे जाणारी पायवाट आहे आणि त्याच वाटेने दोन घरांची गुरे आत शिरून चरतात. गडगा घातला तर वाट अडते आणि वाट सोडली तर गुरे थांबत नाहीत. त्या दोन घरांशी आमचे संबंध चांगले आहेत, ते बिघडवायचे नाहीत.

चौल ते अश्दोद :

दफनभूमीत गुरे चारणे आमच्या धर्मशास्त्राला मान्य नाही, त्यामुळे ते थांबवणे गरजेचे आहे. माणसांच्या वाटेचा निर्णय विश्वस्तांनी घ्यावा. कबरींवरून जात नसेल तर ती बंद करा असा हट्ट, मला वाटते, कोणी धरणार नाही. त्या घरांना विरोधक न समजता गवत कापण्याच्या दिवशी बोलवावे. कापलेले गवत बाहेर नेऊन गुरांना घालता येईल का, हे मात्र आधी विश्वस्तांना विचारून घ्यावे.

मोजणीदार :

ही वहिवाट गाव नकाशात तुटक रेषेने दाखवलेली आहे का ते पाहा. असल्यास ती अडवता येणार नाही, पण वाटेच्या आतल्या बाजूने गडगा घेता येईल आणि तोंडाशी चाप किंवा वळणाची फट ठेवता येईल, ज्यातून माणूस जातो व जनावर अडते. नकाशात नसल्यास दोन्ही घरांशी बोलून वाट हद्दीबाहेरून चार हात वळवावी, आणि जे ठरेल ते ग्रामपंचायतीच्या मासिक सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे. तोंडी ठरलेली वाट पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते.