वडिलांची पीकसंरक्षणाची भरमार: नूतनीकरण करावं की मुलाच्या नावावर घ्यावी?

वावर_धुरा

नमस्कार मंडळी. तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ. वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाची एकनळी भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, आहे, परवाना फॉर्म ४ चा. वडिलांचं वय ७३. परवान्याची मुदत तीन महिन्यांनी संपते. तूर आणि हरभऱ्यात रोही (नीलगाय) आणि डुकरांचा धुमाकूळ आहे, रात्रीची जागल आता मी करतो. सातबारा अजून सामाईक आहे, वडील आणि दोन काका. गावापासून टिपेश्वर अभयारण्याची हद्द सात-आठ किलोमीटरवर असेल.

विचारायचं ते असं: आहे तो परवाना नूतनीकरण करायचा की माझ्या नावावर घ्यायचा? नवीन घेताना भरमारऐवजी बारा बोअर, म्हणजे काडतुसाची बंदूक, मागता येते का? आणि परवाना असला म्हणजे डुक्कर मारायला मोकळीक आहे ना? गावात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

शाखा_गृह

दादा, सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण ती आजच्या रात्रीची आहे. परवाना वडिलांचा असताना ती बंदूक घेऊन तुम्ही एकटे जागलीला बसत असाल तर तो विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा होतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये सवलत आहे ती इतकीच: परवानाधारक सोबत असताना, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसऱ्या माणसाला शस्त्र नेता येतं, तेही दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाने स्वतः वापरावं म्हणून. वडील घरी झोपलेत आणि मुलगा वावरात बंदूक घेऊन बसलाय, हे यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१-ब) खाली किमान शिक्षा २ वर्षं आहे आणि ती ५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. नवीन परवाना हातात येईपर्यंत जागल काठी, टॉर्च आणि फटाक्यांवरच करा.

आता मूळ प्रश्न. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाला शस्त्र देण्याची तरतूद आहे. परवानाधारक मरण पावल्यावर तर आहेच, पण हयातीतही आहे: त्याचं वय ७० झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून. वडील ७३ चे, म्हणजे अट पूर्ण आहे. पण याला लोक ‘परवाना ट्रान्सफर’ म्हणतात तिथेच घोळ होतो. परवाना ट्रान्सफर होत नाही. तुम्हाला नवा परवाना मिळतो आणि त्यावर वडिलांची बंदूक चढते. त्यामुळे पोलिस पडताळणीसह सगळी छाननी नव्या अर्जदारासारखीच होते. वय २१ पूर्ण हवं.

दोन्ही अर्ज एकत्र चालवा. मुदतीला तीन महिने आहेत आणि वारसाच्या अर्जाला तेवढा वेळ सहज लागतो, जास्तही लागतो. वडिलांचं नूतनीकरण थांबवून ठेवलं आणि मधेच मुदत संपली, तर घरातली बंदूक बेकायदेशीर होईल. मग कलम २१ प्रमाणे ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. म्हणून वडिलांचा नूतनीकरणाचा अर्ज या महिन्यातच द्या आणि पोच घ्या. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेणं जड जात असेल तर वर सांगितलेलं लेखी अधिकारपत्र देऊन बंदूक तपासणीला तुम्ही नेऊ शकता. अधिकारपत्रात बंदुकीचा क्रमांक, परवाना क्रमांक, तारीख आणि ‘नूतनीकरणासाठी’ हे कारण स्पष्ट असू द्या. मूळ परवाना सोबत हवाच.

२०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली आहे. जुन्या पुस्तिकेवर ३ वर्षांचे शिक्के दिसतील, त्याने गोंधळू नका. पण परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय डेटाबेसमधला क्रमांक, आहे का ते आजच बघा. तो नसेल तर नूतनीकरणाची फाईल पहिल्याच टेबलावर अडते.

काळी_कसदार

कागदांबद्दल. तुमच्या नवीन परवान्यासाठी फॉर्म ए-१ भरायचा. तो एनडीएएल-एएलआयएस या शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर भरता येतो, पण छापील प्रत आणि जोडपत्रं जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवान्याच्या टेबलावर द्यावी लागतात. ग्रामीण भागात परवाना देणारे अधिकारी जिल्हादंडाधिकारी असतात, पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस आयुक्त. सोबत आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, सातबारा आणि आठ-अ, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. वारस म्हणून मागताय, तर इतर वारसांची, म्हणजे आई, भाऊ आणि बहिणींचीही, ना-हरकत जोडा. लग्न झालेली बहीण वारस नाही असं समजून तिची सही सोडतात आणि फाईल परत येते. शुल्काचं चलान ग्रास या शासनाच्या ऑनलाईन भरणा प्रणालीवर, योग्य लेखाशीर्ष टाकून. शीर्ष चुकलं तर पैसे जमा झालेले दिसतात पण शाखेला सापडत नाहीत.

तुमची खरी अडचण सामाईक सातबाऱ्याची आहे. पीकसंरक्षणाचा परवाना जमिनीशी बांधलेला असतो, कोणत्या गटात कोणतं पीक वाचवायचं आहे हे दाखवावं लागतं. काकांची नावं सातबाऱ्यावर आहेत आणि तुमचं नाव अजून नाहीच. दोन्ही काकांचं संमतीपत्र घ्या. त्यात गट क्रमांक, तुमच्या घराच्या वहितीतलं क्षेत्र आणि चतु:सीमा लिहा. पीकपेऱ्याची ई-पीक पाहणी याच हंगामाची असू द्या. सातबाऱ्यावर जमीन पडीक दिसली तर ‘पीक कोणतं वाचवणार’ हा प्रश्न येणारच. नावातला फरकही बघून घ्या. आधारवर पूर्ण नाव आणि सातबाऱ्यावर घरगुती नाव असेल तर एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा.

नुकसानीचा पुरावा मात्र अर्जाचा जीव आहे. डुकरांनी पीक खाल्लं की तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार द्या, पंचनामा करून घ्या. लोक भरपाई किती तुटपुंजी मिळते म्हणून तक्रारच करत नाहीत. भरपाई मिळो न मिळो, तो पंचनामा बंदुकीच्या अर्जालाही लागतो आणि पुढे जनावर मारण्याच्या परवानगीलाही.

जमादार_बीट

पोलिस अहवालाचा मार्ग असा: जिल्हाधिकारी कार्यालयातून पोलिस अधीक्षक, तिथून उपविभागीय पोलिस अधिकारी, मग ठाणेदार, मग बीट जमादार. जमादार गावात येऊन चौकशी करतो, बंदूक कुठे ठेवणार ते बघतो. कुलपाचं लोखंडी कपाट दाखवता आलं पाहिजे. धाब्यावर किंवा मळ्यातल्या झोपडीत बंदूक राहणार असं सांगितलं तर अहवाल प्रतिकूल जातो, आणि तो जायलाच हवा.

नियमात ठाण्याच्या अहवालाला ३० दिवस आहेत. अहवाल आलाच नाही, तर त्यासाठी न थांबता निर्णय देण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याला कलम १३ मध्ये आहे. तसं करण्याचं बंधन मात्र नाही. म्हणून महिना झाल्यावर या तरतुदीचा उल्लेख करून एक साधा अर्ज शाखेत द्या. फाईल हलते.

गुन्ह्यांच्या रकान्यात काही लपवू नका. रस्ता रोकोचा, धुऱ्याच्या भांडणाचा जुना अदखलपात्र, सगळं लिहा आणि निकालाची प्रत जोडा. नुसत्या दाखल गुन्ह्यापेक्षा लपवलेला गुन्हा जास्त नडतो. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईत, शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून दिलेला असेल तर त्या बॉण्डची मुदत संपेपर्यंत कलम ९ प्रमाणे शस्त्र बाळगताच येत नाही. भाऊबंदकीच्या वादात दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस होते आणि मग दोन्ही घरचे परवाने अडकतात.

रानवाट

सात-आठ किलोमीटर म्हणालात तिथे थांबा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३४ वाचा. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसहमतीशिवाय देता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू आहे. टिपेश्वर, पैनगंगा, ज्ञानगंगा, बोर, नागझिरा, मेळघाट, ताडोबा, पेंच... विदर्भातली किती गावं या वर्तुळात येतात ते बघा. अर्ज करताना हे कोणी सांगत नाही. पोलिस अहवाल चांगला येतो, आणि फाईल वनविभागाच्या पत्राविना वर्षभर पडून राहते. तुम्ही वारस म्हणून मागत असलात तरी परवाना नवाच आहे, तेव्हा हा मुद्दा लागू धरूनच चला. गावाचं हद्दीपासूनचं अंतर किती याचा दाखला वनपरिक्षेत्र कार्यालयातून घ्या आणि सहमतीसाठी पत्र पाठवण्याची विनंती पहिल्याच दिवशी अर्जासोबत द्या. वडिलांच्या जुन्या परवान्याची वनविभागाकडे नोंदणी झाली होती का तेही तपासा. ती असेल तर सहमतीचं काम सोपं जातं.

तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे डुक्कर मारायला मोकळीक आहे का याचं, उत्तर ठामपणे ‘नाही’ असं आहे. बंदुकीचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहेत. पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याला मारण्याची परवानगी कलम ११(१)(ब) खाली मिळते, ती लेखी असते आणि कारणांसह असते. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा: गट क्रमांक, पीक, पंचनाम्याची प्रत, शस्त्र परवान्याची प्रत, बार कोण टाकणार त्याचं नाव. परवानगीवर जे क्षेत्र आणि जी मुदत लिहिली असेल त्याबाहेर एक पाऊल नाही. काळवीट अनुसूची १ मध्ये आहे, पिकासाठी त्याला मारायची परवानगी मिळतच नाही. संध्याकाळच्या उजेडात रोह्याच्या कळपाशेजारी काळवीट चरत असतात, तेव्हा नुसती आकृती बघून बार टाकू नये.

मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे शासनाची मालमत्ता. जागेवर राहू द्या, वनरक्षकाला कळवा. मांस घरी नेलं की परवानगी असूनही गुन्हा. जखमी होऊन जनावर जंगलात शिरलं तर बंदूक घेऊन मागे जाऊ नका. तेही लगेच कळवा.

आणि कळकळीने सांगतो, कोणी ‘त्यापेक्षा कुंपणात लाईन सोड’ म्हणेल, ते ऐकू नका. थेट लाईनच्या तारेने वाघ मेलेत आणि शेजारचे शेतकरीही. झटका मशीन वेगळी, ती बॅटरीवरून क्षणभराचा धक्का देते. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. बंदुकीची फाईल चालेल तेवढ्यात ते उभं राहतं.

ठासणी

बारा बोअरचं. पीकसंरक्षणाच्या कारणासाठी कायदा आधी भरमारच धरतो आणि तिथे अधिकाऱ्याला नकार द्यायला जागा कमी आहे. किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षण किंवा खेळासाठी मागता येते. तो अर्ज फॉर्म ३ च्या परवान्याचा, आणि संरक्षणाचं कारण असेल तर जिवाला धोका का आहे ते वेगळं सिद्ध करावं लागतं. दोन्ही कारणं एकाच अर्जात मिसळू नका. पिकासाठीच बारा बोअर मागायची तर भरमार का पुरत नाही ते दाखवावं लागतं; अधिकाऱ्याची तशी खात्री पटली तरच ती देण्याची मुभा शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे. आता भरमार तुमच्या नावावर करा. पुढे गरज वाटली तर वेगळा अर्ज. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, हे लक्षात असू द्या.

तपासणीला नेण्याआधी बंदूक पुढीलप्रमाणे बघा. निपलवर, म्हणजे ठिणगीची टोपी बसते त्या छोट्या नळीवर, टोपी नाही ना, ते पहिलं. मग गज नळीत तळापर्यंत घाला, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. गजाचं टोक निपलच्या जागेपर्यंत पोचलं पाहिजे. चार बोटं कमी भरलं तर आत जुना बार ठासलेला आहे. तो घरी खरवडून काढू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. मागच्या हंगामात ठासून भिंतीला टेकवलेल्या बंदुका अशाच अपघात करतात.

दुसरं, नळीवरचा क्रमांक. काळी दारू ओल धरते, राख धुतली नाही तर एका पावसाळ्यात गंज चढतो आणि क्रमांक वाचता येत नाही. परवान्यावरचा आणि नळीवरचा क्रमांक जुळला नाही तर नूतनीकरण थांबतं. मऊ कापड आणि तेल एवढंच वापरा. लोहाराकडून क्रमांक पुन्हा ठोकून घेणं किंवा नळीचं फुटलेलं तोंड कापून घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. वापरानंतर निपल काढून नळी गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, आतून तेलाचा बोळा फिरवा.

वावर_धुरा

खूप आभार सगळ्यांचे. दोन गोष्टी राहिल्या. आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा असताना मुदत संपली तर? आणि चुलतभाऊ म्हणतो, त्यापेक्षा रिव्हॉल्व्हरचाच परवाना काढ, कमरेला लपवून नेता येतं.

शाखा_गृह

बंदूक ठाण्यात असली तरी नूतनीकरणाची जबाबदारी परवानाधारकाचीच. जमा केल्याची पावती घ्या, तिच्यावर बंदुकीचा क्रमांक आणि तारीख असल्याची खात्री करा, आणि प्रत्यक्ष तपासणीऐवजी तीच पावती अर्जाला जोडा. निकालानंतर बंदूक परत घेताना क्रमांक तिथेच ताडून बघा. एकसारख्या भरमारी एका खोलीत ठेवलेल्या असतात, अदलाबदल होते.

रिव्हॉल्व्हरचं म्हणाल तर आपल्याकडे लपवून नेण्याचा असा वेगळा परवाना नाही. तोच फॉर्म ३, आणि त्यासाठी जिवाच्या धोक्याचं कारण लागतं. डुकरांचं कारण तिथे चालत नाही. मिळाला तरी सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्येच हवं, आणि परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्राबाहेर नेता येत नाही. लग्नात, वरातीत बार काढला तर कलम २५(९) खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अर्ज नाकारला गेला तर कारणांसह लेखी आदेश मागा. मिळाल्यापासून ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं, तुमच्यासाठी अमरावतीला. नाकारण्यामागे वनविभागाची सहमती न मिळाल्याचं कारण असेल तर अपिलासोबत अंतराचा दाखला आणि सगळे पंचनामे जोडा, तारखेच्या क्रमाने.