जाड सांगाड्यावरचा कॅनव्हास उथळ फ्रेममध्ये पक्का कसा करावा? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या वडिलांनी काढलेले एक तैलचित्र त्यांच्याच जुन्या लाकडी फ्रेममध्ये पुन्हा बसवायचे आहे, आणि त्यासाठी मागच्या बाजूने कोणत्या प्रकारच्या क्लिपा किंवा पट्ट्या वापराव्यात, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

चित्र ६० × ९० सेंमी आकाराचे असून कॅनव्हास ज्या लाकडी सांगाड्यावर ताणला आहे, त्याची जाडी ३८ मिमी आहे. फ्रेमची खाच मात्र केवळ १२ मिमी खोल आहे. म्हणजे चित्र आत ठेवल्यावर सांगाडा फ्रेमच्या पाठीपेक्षा २६ मिमी वर उरतो. फ्रेमची पट्टी ४५ मिमी रुंद आहे. तिची जाडी खाचेच्या कडेला २० मिमी भरते आणि बाहेरच्या बाजूला उतरत जाते.

यापूर्वी ज्या कारागिराकडून हे चित्र बसवून घेतले होते, त्याने सांगाड्यातून तिरपे खिळे मारून ते थेट फ्रेममध्ये ठोकले होते. एका पावसाळ्यानंतर कॅनव्हास खालच्या डाव्या कोपऱ्यात सैल पडला, म्हणून सांगाड्याच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलकेच ठोकून तो ताणून घ्यावा असा विचार केला. पण खिळ्यांनी सांगाडा जखडलेला असल्यामुळे कोपरा तसूभरही उघडला नाही, उलट फ्रेमच्या लाकडाला खिळ्याच्या रेषेत बारीक चीर गेली. खिळे मी काढले आहेत आणि चीर सरसाने बुजवली आहे. वडिलांच्या हातच्या या चित्रात पुन्हा खिळा जाऊ नये, एवढी माझी इच्छा आहे.

मी स्प्रिंगच्या पोलादी क्लिपा आणून पाहिल्या, परंतु त्या पातळ सांगाड्यासाठी केलेल्या असल्याने ३८ मिमी उंचीवरून पलीकडे पोहोचतच नाहीत. झेड आकाराच्या ऑफसेट क्लिपांमध्ये (एक पाय फ्रेमवर आणि दुसरा वर उरलेल्या सांगाड्यावर टेकणाऱ्या) २५ मिमी उंचीची क्लिप मिळते. ती येथे चालेल का?

प्रतिसाद

आपण खिळे काढले हे फार बरे केले. हवेतील ओलाव्याप्रमाणे लाकूड आणि कापड दोन्ही कमीजास्त होतात, म्हणून सांगाडा फ्रेममध्ये धरून ठेवायचा असतो, जखडायचा नसतो. चित्राचे वजन खाचेच्या खालच्या कडेवर पडते. मागच्या पट्टीचे काम ते मागे कलू न देण्यापुरतेच आहे.

ऑफसेट क्लिपा सर्वसाधारणपणे ३, ६, १२, १९ आणि २५ मिमी अशा उंचीत मिळतात. आपल्या २६ मिमीला २५ची क्लिप जवळची वाटेल, पण फ्रेमच्या खाचेची कड चित्राच्या रंगावर घासू नये म्हणून खाचेत फेल्टची पट्टी लावावीच लागते आणि ती साधारण २ मिमी जागा घेते. म्हणजे प्रत्यक्षात उंची २८ होते. अशा वेळी स्क्रू आवळला की क्लिपचा पाय फ्रेमवर सपाट टेकत नाही, ती तिरपी होते आणि सगळा दाब एका टोकावर येतो. पायाखाली वॉशर घालून ३ मिमीची भर टाकता येते, तरीही मी आपल्या बाबतीत ते सुचवणार नाही.

याचे कारण टांगण्याच्या तारेत आहे. फ्रेमच्या पाठीवर डी-रिंग (तार अडकवायच्या डी आकाराच्या कड्या) लावून तार ओढली, तर ती २८ मिमी वर आलेल्या सांगाड्याच्या कडेवरून जाईल आणि दुमडलेल्या कॅनव्हासला नेमकी तिथेच घासत राहील. म्हणून फ्रेमची पाठच उंच करून घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे १८ मिमी रुंद आणि २९ मिमी उंच अशा लाकडी पट्ट्या खाचेला लागून, पण सांगाड्यापासून ३ मिमी अंतर राखून, फ्रेमच्या पाठीवर सरस आणि स्क्रू यांनी बसवाव्यात. ४० मिमी लांबीचा स्क्रू पट्टीतून फ्रेममध्ये सुमारे ११ मिमी उतरतो, आणि खाचेच्या कडेला २० मिमी लाकूड असले तरी ते बाहेरच्या बाजूला उतरत जाते, त्यामुळे आधी तपासून पाहिल्याशिवाय त्याहून लांब स्क्रू घेऊ नये, नाहीतर टोक दर्शनी बाजूस येईल. साडेतीन मिमी जाडीच्या स्क्रूसाठी आधी दोन ते अडीच मिमीचे भोक पाडावे. आपल्या चीर गेलेल्या लाकडाला हे विशेष आवश्यक आहे.

त्यानंतर साध्या सपाट धातूच्या पट्ट्या पुरतात. पट्टीचे एक टोक नव्या लाकडावर स्क्रूने बसवावे, दुसरे सांगाड्यावर १२ ते १५ मिमी नुसते टेकलेले असावे आणि त्याखाली कॉर्कचा पातळ तुकडा द्यावा. सांगाड्यात एकही स्क्रू जाऊ नये. लांब बाजूंवर तीन-तीन आणि आखूड बाजूंवर दोन-दोन पट्ट्या या आकाराला पुरेशा आहेत. डी-रिंग नव्या पट्टीच्या मागच्या कडेवरच लावाव्यात. चित्राचे काठ रंगवलेले असते, तर त्यांना झाकणारी खाच टाळून तरंगत्या चित्राची फ्रेम (जिच्यात चित्राभोवती मोकळी फट राहते) सुचवली असती, परंतु जुनी फ्रेम राखायची असल्याने तो पर्याय येथे लागू नाही.

मूळ प्रश्नकर्तीकडून

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे फेल्ट लावून पुन्हा मोजले तेव्हा २८ मिमीच भरले, म्हणून पट्ट्या रंधून २९ मिमीच्या केल्या आणि सांगाड्यावर १ मिमी कॉर्क दिला. चीर गेलेल्या ठिकाणी स्क्रू टाळून ते अंतर सरसावर सोडले आहे. तिथे ताण पडू नये म्हणून जवळची सपाट पट्टी कोपऱ्यापासून १० सेंमी दूर घेतली.

फ्रेम उभी करून हलवून पाहिली, तेव्हा चित्र जागचे हलले नाही आणि पट्टीखालून कॉर्कचा तुकडा थोडा ओढला तर सरकतो, म्हणजे दाब बेताचाच आहे. चारही कोपरे मोकळे ठेवले आहेत. काल खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या दोन्ही पाचरी लहान हातोडीने अगदी हलके ठोकल्या आणि या वेळी कोपरा उघडून ती सैल सुरकुती निघाली.