मदत हवी आहे: कारखान्याच्या चिमणीची काजळी बेदाण्यावर पडते

राम राम मंडळी. सांगली जिल्ह्यात आमचं बेदाण्याचं शेड आहे. दीडेक किलोमीटरवर साखर कारखाना. नाव लिहीत नाही, आमचाच ऊस तिथं जातो आणि वडील सभासद आहेत.

फेब्रुवारीत द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीवर टाकली. पहिले एक-दोन दिवस माल चिकट असतो, आणि पहाटे काजळी उतरते. सकाळी बघावं तर वरच्या जाळीवर तीळ पेरल्यासारखे ठिपके. बोटानं चिरडलं की काळी रेघ उठते, पाण्यात टाकलं तर तरंगतं. रस्त्याची धूळ नव्हे. धुऊनही देठाजवळचं निघत नाही, मग सौद्यात हिरवा माल काळ्याच्या भावानं मागतात. शेड चारी बाजूंनी बंद करावं तर वारं अडतं, माल तांबडा पडतो.

कारखान्यात म्हणतात, चिमणी नियमात आहे, वेट स्क्रबर (धूर पाण्यानं धुणारं यंत्र) चालू आहे, धूर तर पांढरा दिसतोय. दिवसा दिसतोही पांढरा! मग हे येतं कुठून? तक्रार करायची तर काय लिहू?

प्रतिसाद १
दादा, बॉयलरवर बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो. पांढरं दिसतं ती बहुतेक स्क्रबरची वाफ. तुमचे ठिपके म्हणजे बॉयलरमधला अर्धवट जळालेला भुसा, म्हणजे बगॅस, उसाचा रस काढून उरलेला चोथा. बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं. गाळप थांबून परत सुरू झालं की आग बिघडते. त्यात शिफ्टमध्ये ट्यूबवरची काजळी वाफेनं झाडतात, त्या वेळी स्क्रबरचे नोझल राखेनं चोंदलेले असले की सगळं वर. उंचीचं सूत्र आहे: ताशी 50 किलो धूळ सुटत असेल तर साधारण 33 मीटर चिमणी. पण उंचीनं धूर पांगतो, जड कण आसपासच पडणार.

प्रतिसाद २
'काजळी पडते' एवढंच लिहू नका. आठवडाभर पांढरं फडकं अंथरा, तारीख, वेळ आणि वारं कुठून होतं ते लिहा, फोटो काढा. 2016 पासून साखर कारखान्याच्या चिमणीला धुळीची मर्यादा दर घनमीटरला 150 मिलिग्रॅम आहे. चिमणीवरच्या ऑनलाइन यंत्राची त्याच तासांची नोंद आणि मंडळानं कारखान्याला दिलेल्या संमतीपत्राची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात माहिती अधिकारात मागा. नमुनाही पहाटेच घ्या म्हणावं, दुपारी घेऊन काय उपयोग?

धागाकर्ता
आभारी आहे. काल रात्री फडकं टाकलं. साडेतीनला कोरं होतं, पाचला ठिपके. शिफ्ट चारला बदलते. आधी चिफ इंजिनिअर साहेबांना फडकं दाखवतो, मंडळाकडे नंतर. वडील म्हणतात ऊस तुटेपर्यंत थांब. तोवर माझा माल थांबतोय होय?