शब्दचर्चा : ‘टेरेस’ला गच्ची म्हणू नये, मग काय म्हणावे?

प्रश्न
मेलबर्नला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी जुन्या शहराची माहितीपुस्तिका करतो आहे. विधिमंडळाच्या मागे, पार्लमेंट प्लेसवर ‘टास्मा टेरेस’ नावाची तीन मजली घरांची रांग आहे. मसुद्यात कुणीतरी ‘टास्मा गच्ची’ लिहून ठेवलंय. ‘चाळ’ चालेल का?

प्रतिसाद
गच्ची तर नकोच. आपला शब्द ‘गच’वरून आला, म्हणजे चुन्याचा घट्ट थर. तिकडचा ‘टेरेस’ जमिनीवरून आला: मातीचा भराव घालून केलेला सपाट ओटा. लंडनला ॲडम बंधू या वास्तुविशारदांनी थेम्सकाठी असा उंच चौथरा बांधून त्यावर ‘अ‍ॅडेल्फी टेरेस’ ही घरांची रांग उभी केली. काम १७६८ला सुरू झालं. पुढे चौथरा असो-नसो, एकसारख्या दर्शनी भागाच्या सलग घरांना टेरेस म्हणू लागले. गंमत म्हणजे मेलबर्नच्या या घरांना आपल्या अर्थाची टेरेस बहुधा नसतेच. वर उतरतं छप्पर असतं आणि रस्त्याकडून ते दिसू नये म्हणून पुढे नक्षीदार कठडा.

प्रतिसाद
चाळ अजिबात नको. चाळीत एका मजल्यावर खोल्या ओळीने, पुढे सगळ्यांची एकच गॅलरी, जिनाही सामाईक. टेरेसमध्ये वाटणी उभी असते. तळापासून छपरापर्यंतचा एक काप एका कुटुंबाचा, दार आपलं, जिना आपला. सामाईक फक्त बाजूच्या भिंती. त्या भिंतींचंही एक कारण आहे. मेलबर्नच्या १८४९च्या बांधकाम कायद्याने घरांमधली भिंत छपराच्या वर काढायला लावली, म्हणजे एका घराची आग शेजारी जाऊ नये. म्हणून या रांगांमध्ये छपरावर ठरावीक अंतराने भिंतींचे माथे दिसतात, आणि सज्जांच्या मधूनही भिंत पुढे आलेली असते. शेजारणीशी कठड्यावरून गप्पा मारायची सोय नाही. चाळकऱ्याला हे घर तुसडं वाटेल!

पुण्या-नाशकात आपण ‘रो हाऊस’ म्हणतो, रचना तीच. पण बिल्डरच्या जाहिरातीचा वास येतो. मी ‘सलग घरांची रांग (टेरेस)’ लिहीन. इमारतीच्या नावात मात्र ‘टास्मा टेरेस’च ठेवा, विशेषनामाचं भाषांतर कशाला?

प्रश्नकर्ता
पटलं. आता ‘व्हिक्टोरियन’. राणीच्या काळचं की राज्याचं?

प्रतिसाद
दोन्ही. राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. मेलबर्न ज्यात आहे ती व्हिक्टोरिया ही वसाहत १८५१मध्ये न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली, नाव राणीचंच. तिथला माणूस स्वतःला व्हिक्टोरियन म्हणवतो. पुस्तिकेत ‘व्हिक्टोरिया राणीच्या काळातील’ असं सविस्तर लिहा. (मुंबईच्या जुन्या वाचकाला तर आधी घोडागाडी आठवेल.) टास्माची पहिली घरं १८७०च्या दशकाच्या अखेरची, बाकीची १८८०च्या दशकातली. सोन्याच्या पैशावर वाढलेलं शहर तेव्हा ऐन भरात होतं. वास्तुविशारद चार्ल्स वेब, मेलबर्नच्या विंडसर हॉटेलचा आराखडाही त्यांचाच.

प्रतिसाद
‘जतन केलेली’ लिहिताना ती कशी जतन झाली ते एका ओळीत तरी येऊ द्या. सरकारी कार्यालयांसाठी ही रांग पाडायचं घाटत होतं. जुन्या वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने लढा दिला, १९७४मध्ये राज्यात ऐतिहासिक इमारतींचा कायदा झाला, आणि पुढे ट्रस्टचंच कार्यालय इथे आलं. नुसतं ‘संरक्षित वास्तू’ म्हटलं की पुरातत्त्व खात्याची निळी पाटी डोळ्यांपुढे येते.

प्रश्नकर्ता
सज्जांना जे लोखंडी जाळीकाम आहे त्याला तिथे ‘लोखंडी लेस’ म्हणतात. तसंच ठेवू?

प्रतिसाद
कौतुकाने एकदा म्हणा, पण नेमका शब्द आपल्याकडे आहे: बीड. बिडाचा तवा असतो ना, तेच ओतीव लोखंड. घडीव लोखंड लोहार ऐरणीवर ठोकून वाकवतो. बीड वितळवून साच्यात ओततात, म्हणून एकच फूल शेकडो वेळा हुबेहूब उमटतं. सुरुवातीला हे नग ब्रिटनहून जहाजाने यायचे, नंतर तिथल्याच ओतशाळा काढू लागल्या. ‘बिडाची नक्षीदार जाळी’ लिहा.

प्रतिसाद
आणि तळमजल्यावर ‘व्हरांडा’, वरच्या दोन्ही मजल्यांवर ‘सज्जा’. ‘बाल्कनी’ चालेल, ‘गॅलरी’ नको, नाहीतर वाचक परत चाळीत जाईल.