रेझोनन्स नव्हे, फ्लटर
एकांनी लिहिलंय की अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल वाऱ्याची लय पुलाशी जुळल्यामुळे, म्हणजे रेझोनन्सने पडला. तसं नाही हो. ७ नोव्हेंबर १९४० ला वारा ताशी साधारण ६४ किमी होता. पूल पिळवटायला लागला आणि तो पीळच वाऱ्यातून ऊर्जा ओढत राहिला. हा फ्लटर, त्याला बाहेरून तालात ठोके लागत नाहीत.

आमच्या साक्रीकडे आषाढात वारा सुटला की गोठ्याचा पत्रा याचाच धाकटा भाऊ होतो. गेल्या वर्षी एका बोल्टाचा वायसर झिजला, दोन-तीन मिलिमीटर ढिलाई आली. रात्रभर फडफड, पण पत्रा उडाला नाही. गंमत इथेच आहे. ढिलाईच्या आत पत्र्याला ताठरपणाच नाही, म्हणून तो कमी वाऱ्यातही हलतो. बोल्टाला टेकला की एकदम ताठ, म्हणून फडफड ठरावीक मापातच चालू राहते. विमानाच्या सुकाणूतल्या ढिल्या बिजागरीचंही हेच, अशा ठरावीक मापातल्या फडफडीला लिमिट सायकल म्हणतात.

म्हणून 'तुटलं नाही ना, मग चालतंय' हे मला पटत नाही. माझ्या पत्र्याचं भोक महिन्याभरात लांबट झालं, मग कडेपर्यंत चीर गेली. नवा रबरी वायसर आणि मध्ये एक जादा बोल्ट टाकला, तेव्हा आवाज थांबला. म्हशीही त्याच रात्री निवांत बसल्या.