अनुभव धागा : काउंटर-स्ट्राइक २ ची घरगुती स्पर्धा भरवताना

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आठ संघांची काउंटर-स्ट्राइक २ स्पर्धा भरवायची आहे (टेररिस्ट बॉम्ब लावतात आणि सीटी, म्हणजे काउंटर-टेररिस्ट, त्यांना अडवतात असा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ). पाच विरुद्ध पाच, सगळे ओळखीतले. बरेचसे पुणे, नागपूर, कोल्हापूर, म्हापसा इथले, काही दुबईत आणि न्यू जर्सीत. ज्यांनी अशी स्पर्धा भरवली आहे, पंच म्हणून चालवली आहे किंवा संघ सांभाळला आहे, त्यांनी कृपया लिहावं. किती किल मारले ते इथे नको. आकडे, सेटिंग, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच हवं आहे.

माझ्याकडून संघवाटपाबद्दल. मित्रामित्रांनी आपापले संघ करून आणले की दोन संघ फार भारी होतात आणि उरलेल्या सहांना १३-२, १३-३ अशा हारी पत्कराव्या लागतात. दुसऱ्या दिवशी ते लोक फिरकत नाहीत. म्हणून चाळीस जणांची यादी फेसिट लेव्हल (फेसिट या सामने जुळवणाऱ्या सेवेवरची पातळी) आणि प्रीमियर रेटिंग (खेळातल्याच क्रमवारीचे गुण) बघून लावायची. वरचे आठ कर्णधार. चिठ्ठ्या टाकून त्यांचा क्रम ठरवायचा आणि निवड उलटसुलट चालवायची : पहिल्या फेरीत १ ते ८, दुसऱ्या फेरीत ८ ते १, पुन्हा १ ते ८. ज्याने वर्षभर खेळ उघडलेला नाही त्याचं रेटिंग कमी दिसतं, पण हात विसरलेला नसतो. अशांना दोन-तीन सराव सामने खेळवून मगच यादीत बसवा. बदली खेळाडू ज्याच्या जागी येतो त्याच्यापेक्षा यादीत वरचा नसावा, हे आधीच लिहून ठेवा.

वेळेचा अंदाज : चार-चार संघांचे दोन गट, प्रत्येक गटात सहा सामने, एकूण बारा. १३ राउंड आधी जिंकेल तो विजयी, म्हणजे जास्तीत जास्त २४ राउंड. खेळ साधारण चाळीस मिनिटं चालतो, पण मॅप (खेळायचं मैदान) निवडणं, वॉर्मअप आणि बाजू ठरवायचा नाइफ राउंड (फक्त सुऱ्यांनी खेळायचा) धरून तास धरा. दोन सर्व्हर असले तर सहा तास. गट एका रविवारी, उपांत्य आणि अंतिम पुढच्या रविवारी. त्या फेऱ्या तीनपैकी दोन मॅप अशा असतात, त्यामुळे एकेक लढत तीन तासांपर्यंत जाऊ शकते.

गटातले सामने १२-१२ वर बरोबरीत सोडावेत असं माझं मत आहे. वेळ वाचतो.

सर्व्हर सांभाळणारा, पुणे

घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर उभा करायचा विचार आधी बाजूला ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांत ग्राहकाला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही, एकाच आयपीमागे अनेक घरं असतात. राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडलं तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. मुंबईच्या डेटा सेंटरमधलं मशीन दोन रविवारांपुरतं भाड्याने घ्या. कोअर खूप असण्यापेक्षा एकेक कोअर वेगवान असणं महत्त्वाचं आहे. डिस्क मात्र मोठी घ्या, खेळाच्या फायलीच कित्येक डझन जीबी असतात.

क्रम असा : स्टीमसीएमडीने (खेळ पुरवणाऱ्या स्टीम सेवेवरून सर्व्हरच्या फायली उतरवणारं साधन) ॲप क्रमांक ७३० उतरवा. स्टीम खात्यावरून त्याच क्रमांकाचं गेम सर्व्हर टोकन घ्या, प्रत्येक सर्व्हरला वेगळं. यूडीपी २७०१५ खेळासाठी आणि २७०२० जीओटीव्हीसाठी (प्रेक्षकांना सामना दाखवायची सोय) उघडा. त्यावर मेटामॉड, मग काउंटरस्ट्राइकशार्प (प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, या दोघांच्या आधारावर चालतात), मग मॅचझी. मॅचझी हे प्लगइन नाइफ राउंड, रेडी, पॉज, डेमो (सामन्याची नोंद) रेकॉर्डिंग आणि प्रत्येक राउंडचा बॅकअप, सगळं करतं.

सगळ्यात जास्त वेळा घात होतो तो अपडेटने. खेळाचं अपडेट आलं की सर्व्हरवरची गेमइन्फो नावाची फाइल पुन्हा मूळ रूपात येते, त्यातली मेटामॉडची ओळ पुसली जाते आणि एकही प्लगइन चढत नाही. सर्व्हर चालू दिसतो, खेळाडू आत येतात, पण चॅटमध्ये डॉट रेडी (आम्ही तयार, अशी आज्ञा) लिहिलं तर काहीच होत नाही. ती ओळ परत घालायची आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. अपडेट मोठं असेल तर काउंटरस्ट्राइकशार्पची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं, आणि जुन्यावर राहताही येत नाही, कारण खेळाडूंकडचा खेळ आपोआप पुढे गेलेला असतो. सामन्याच्या दिवशी सकाळीच सर्व्हर उघडून बघा, संध्याकाळी सातला नको. प्लगइनशिवाय, नुसत्या कॉन्फिग फाइलवर सामना चालवायची तयारीही ठेवा.

आणि स्टीम आयडी! प्रत्येकाचा १७ आकडी क्रमांक सामन्याच्या फाइलमध्ये जातो. ती यादी एक्सेलमध्ये केली तर एक्सेल १५ आकड्यांपुढचं धरत नाही, शेवटचे दोन आकडे शून्य होऊन बसतात. मग चाळीसच्या चाळीस जणांना सर्व्हर बाहेर काढतो आणि कारण कुणाला कळत नाही. आकडे टाकण्याआधी तो रकाना टेक्स्ट करून घ्या.

न्यू जर्सीहून

मुंबईच्या सर्व्हरवर इथून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या वर जातो. कोपऱ्यामागे पोहोचल्यावरही गोळी लागते, आणि समोरच्यालाही माझी हालचाल अडखळत दिसते. दोघांनाही ते नकोसं. मधला उपाय म्हणजे फ्रँकफर्ट किंवा लंडनचा सर्व्हर. भारतातून साधारण १२०-१४०, इथून १०० च्या आतबाहेर. पण हा उपाय परदेशातले लोक दोन्ही संघांत सारखे असतील तेव्हाच न्याय्य ठरतो. चाळीसपैकी चारच बाहेरचे असतील तर मुंबईच ठेवा. आम्ही पंच, डेमो तपासणं, समालोचन अशी कामं घेऊ.

वेळ लिहिताना भारतीय वेळच लिहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे इथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेदहा, तेही त्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंतच; त्या रविवारपासून साडेनऊ. दिवाळी नेमकी याच सुमारास येते.

कर्णधार म्हणून खेळणारा, कोल्हापूर

घरगुती संघ नेमबाजीत कमी पडून हरतात त्यापेक्षा खेळातल्या पैशाच्या हिशेबात (प्रत्येक राउंडआधी त्यातून बंदुका घ्यायच्या असतात) जास्त हरतात. एकदा गणित मांडून दाखवतो. (किमती अपडेटनुसार बदलू शकतात, आदल्या दिवशी बघून घ्या.)

सुरुवातीला ८०० डॉलर. त्यातले ६५० चिलखताला गेले, उरले १५०. पिस्तूल राउंड हरल्यावर १,९०० मिळतात, झाले २,०५०. दुसऱ्या राउंडला पाचही जणांनी हात आखडला आणि राउंड गेला, तर २,४०० येतात. तिसऱ्या राउंडला प्रत्येकाकडे ४,४५०. टेररिस्ट बाजूला एके-४७ चे २,७०० आणि हेल्मेटसह चिलखताचे १,००० जाऊन ७५० उरतात. त्यात एक स्मोक ३०० आणि दोन फ्लॅश ४०० (धुराचे आणि डोळे दिपवणारे ग्रेनेड) नीट बसतात.

सीटी बाजूला जरा ओढाताण होते. एम४ए१-एस २,९००, चिलखत १,०००, डिफ्यूज किट (बॉम्ब निकामी करायचं साधन) ४००. एकूण ४,३००, म्हणजे स्मोकला पैसे नाहीत. म्हणून किट दोघांनीच घ्यायचं. बाकीच्या तिघांकडे ५५० राहतात, त्यांनी स्मोक आणि एक फ्लॅश घ्यायचा. किटशिवाय डिफ्यूजला १० सेकंद लागतात, किटने ५, आणि बॉम्ब ४० सेकंदांत फुटतो. पाचपैकी एकाकडेही किट नसेल तर साइट (बॉम्ब लावायची जागा) परत घेतलेली फुकट जाते.

बिघडतं कुठे? दुसऱ्या राउंडला दोघं फोर्स करतात (असतील तेवढ्या पैशांत बंदुका घेतात) आणि तिघं वाचवतात. मग तो राउंड जिंकण्याइतक्या बंदुका नसतात आणि तिसऱ्यात त्या दोघांकडे पैसे नसतात. दोन्ही राउंड जातात. फोर्स करायचं तर पाचांनी, वाचवायचं तर पाचांनी. शब्द कर्णधाराचा.

सलग हरल्याची रक्कम १,४०० पासून ५००-५०० ने चढत ३,४०० पर्यंत जाते. मधे एक राउंड जिंकलात तर ती एक पायरी उतरते, थेट तळाला जात नाही. म्हणून चार हारींनंतर एक विजय मिळाला की लगेच जपून खेळायची गरज नसते. आणखी एक, जे नवे लोक हमखास विसरतात : टेररिस्ट बॉम्ब न लावता वेळ संपेपर्यंत जिवंत राहिला, तर त्याला त्या राउंडची भरपाई मिळत नाही. एके वाचवली खरी, पण ३,४०० बुडाले. ऑप (लांबून मारायची स्नायपर रायफल) हातात असेल तरच, म्हणजे ४,७५० ची वस्तू असेल तरच, असं लपणं परवडतं.

नागपूरचा, कॉलिंगबद्दल

भाऊ, पैशानंतर दुसरी गोष्ट बोलण्याची. मराठीत खेळताना "इथे आहे", "तिकडून आला", "मागे मागे" हे शब्द येतात आणि कुणालाच काही समजत नाही, कारण प्रत्येकाचं "इथे" वेगळं असतं. जागा, संख्या, इजा याच क्रमाने बोला : "बनाना दोन, एकाला सत्तर." "कनेक्टर एक, ऑप." मॅपवरच्या जागांची नावं आदल्या दिवशी रिकाम्या सर्व्हरवर पाचांनी मिळून फिरून पक्की करा. मिराजला पॅलेस, जंगल, टिकिट, विंडो, शॉर्ट. इन्फर्नोला बनाना, पिट, अपार्ट्स, कॉफिन्स. दीड तास प्रति मॅप पुरतो, आणि दोन मॅप नीट येणं यादीतल्या सातांची तोंडओळख असण्यापेक्षा बरं. सामन्याआधी दोन्ही संघ आळीपाळीने मॅप काढून टाकतात तेव्हा ते दोन कसे टिकतील एवढंच बघा.

मेलेल्याने एकच वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. शेवटचा एक उरला असेल तर त्याने विचारल्याशिवाय चौघांनी तोंड उघडायचं नाही, कारण त्याला पावलं ऐकायची असतात. डिस्कॉर्डवर पुश-टू-टॉक सक्तीचं करा. पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे फटाके, सगळं चौघांच्या कानात जातं.

पंच, ठाणे

भांडणं पॉजवरून होतात, म्हणून नियम आकड्यात लिहा. चॅटमध्ये डॉट पॉज लिहिलं की खेळ चालू राउंड संपल्यावर, फ्रीझ टाइममध्ये (पुढच्या राउंडआधीच्या खरेदीच्या वेळेत) थांबतो. पुन्हा सुरू करायला दोन्ही संघांनी डॉट अनपॉज लिहावं लागतं. प्रत्येक संघाला सामन्यात एकूण दहा मिनिटं तांत्रिक पॉज, त्यानंतर चार विरुद्ध पाच किंवा बदली खेळाडू. राउंड सुरू होताच, कुणाला एकही गोळी लागण्याआधी कुणी तुटला, तर बॅकअपवरून तो राउंड पुन्हा खेळवा. त्यानंतर तुटला तर राउंड ग्राह्य. ही रेषा आधी आखली नाही, तर हरत असलेल्या संघाची वायर नेमकी तेव्हाच निघाली असा संशय येतो आणि मैत्रीत कटुता येते.

वीज जाण्यावर उपाय : राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींना मिनी यूपीएस. घेण्याआधी दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, एक १२ चा आणि एक ९ चा असू शकतो. वायफायवर कुणालाही खेळू देऊ नका. पिंग चांगला दिसतो, पण पॅकेट गळतात. पंधरा मीटरची कॅट-६ केबल आणून दारातून ओढलेली चालेल.

स्नॅप टॅपसारखी कीबोर्डची सोय (दोन उलट दिशांची बटणं एकदम दाबली तर शेवटचं धरणारी) ऑगस्ट २०२४ पासून खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हच्या अधिकृत सर्व्हरवर चालत नाही. आपल्या सर्व्हरवर हा नियम आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. बंद म्हणून जाहीर करा, आणि एका बटणात उडी व फेक बांधलेले बाइंडसुद्धा बंद. ग्रेनेडची उडीफेक काउंटर-स्ट्राइक २ मध्ये हातानेच नेमकी जमते.

धागाकर्त्यांनी बरोबरीचं सुचवलंय, ते मला पटत नाही. गटात चारच संघ असताना दोन बरोबऱ्या झाल्या की गुणतक्ता राउंडच्या फरकावर जातो, आणि मग आधीच हरलेल्या संघाला शेवटचे राउंड सोडून देण्याचा मोह होतो. दोन्ही बाजूंनी तीन-तीन राउंडचं ओव्हरटाइम (जादा खेळ) ठेवा. एका ओव्हरटाइमला साधारण पंधरा मिनिटं जातील.

वर्गणीबद्दल : प्रवेश शुल्क गोळा करून विजेत्याला रोख देणं पूर्ण टाळा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे. सर्व्हरचं भाडं आयोजकांनी आपसात वाटून घ्यावं, बक्षीस करंडकाचं.

धागाकर्ता

ओव्हरटाइमचं पटलं, नियमावलीत बदलतो. प्रक्षेपणाबद्दल कुणी लिहील का?

समालोचक, म्हापसा

जीओटीव्हीला १०५ सेकंदांचा उशीर ठेवा. त्याहून कमी ठेवला तर प्रक्षेपण बघणारा मित्र संघाला चालू राउंडमधल्या जागा सांगू शकतो. समालोचकांनीही जीओटीव्हीवरूनच बघायचं, थेट सर्व्हरवर बसायचं नाही. १०८० पी, ६० फ्रेम, ६,००० केबीपीएसला अपलोड निदान १० एमबीपीएस लागतो. बोलताना प्रत्येक फ्रीझ टाइममध्ये दोन्ही संघांचे पैसे सांगा. त्याशिवाय नव्या प्रेक्षकाला एक संघ पिस्तुलं घेऊन का धावतोय ते कळत नाही.

सामना संपल्यावर सर्व्हरवाल्यांनी लगेच मॅप बदलू नये. उशीर १०५ सेकंदांचा असल्यामुळे प्रेक्षकांचा शेवटचा राउंड अजून चालू असतो, आणि मॅप बदलला की तो मध्येच तुटतो. शेवटचा राउंड संपल्यावर घड्याळ लावून तीन मिनिटं थांबा, मग पुढचा सामना चढवा.